डाव्याला कळू देऊ नका

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी दारात बसून मिलो निवडली. मिलो म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळायची ती परदेशातली लाल ज्वारी. तिच्यात खडे असायचे, काड्या असायच्या आणि कसलं तरी काळं बी असायचं. ते पोटात गेलं की गरगरतं, असं लोक म्हणत, म्हणून एक-एक वेचून काढावं लागे. बायको सूप धरून बसली होती. ती पाखडायची, मी वेचायचो. मी डावरा आहे. जेवण तेवढं उजव्या हातानं करतो, ते आईनं मारून शिकवलं म्हणून. बाकी हातोडा, छिन्नी, विळा, सगळं डाव्या हातात.

"अहो, हळू. खड्यांबरुबर दानं पन चाललेत."

"दान्यात दम हाय कुठं? त्यापरीस खडे बरे."

"मंग उद्या खड्यांचीच भाकर थापते. पाथरवटाला पचंल."

असं बोलून ती स्वतःच हसली. निवडून झाल्यावर तिनं सुपातून एक मूठ घेतली आणि फळीखालच्या गाडग्यात टाकली. मग आणखी एक घेतली.

आमच्या ख्रिस्ती आळीत ही जुनी रीत. पीठ मळायच्या आधी बाईनं धान्याची एक मूठ बाजूला काढायची आणि वेगळ्या गाडग्यात साठवायची. रविवारी ते देवळात न्यायचं. तिथून ते ज्याच्या घरी काही नाही त्याच्याकडे जायचं. मुठीचं गाडगं म्हणतात त्याला. दुष्काळ पडला तसं कुणाचंच गाडगं देवळात पोचेना. देवळात उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनीही विचारायचं सोडून दिलं. पण बायकोची मूठ चालूच होती.

मी म्हणालो, "एक मूठ ठरलीय ना? दोन कशाला?"

"दुसरी तुमची. तुमी कुठं टाकताय?"

मग तिनं मला वाढलं. भाकरी आणि लाल चटणी. स्वतःला ताट घेतलं नाही. म्हणाली, "मला आत्ता भूक न्हाई. मी मागून खाते." आणि पदर खोचून बाहेर पडली. ती सुईणपण करायची. कुठल्या तरी बाळंतिणीला आणि लेकराला तेल लावायला रोज दुपारी जायची. कुणाकडं विचारलं की म्हणायची, वरल्या आळीला. वरली आळी मोठी. मी कधी खोलात गेलो नाही.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलो. बायको शाळेत गेलीच नाही. पण शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ. आमच्या लहानपणी आळीत एक म्हातारे मास्तर होते. पाढे शिकवायचे ते, आणि रविवारी उपदेशही करायचे. ते पहिल्या मंडळीतल्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या गोष्टी सांगायचे. तेव्हाची माणसं म्हणे इतकी गरीब, की दारात भुकेला आला आणि घरात काही नसलं तर दोन-तीन दिवस स्वतः उपास करायची आणि वाचलेली भाकरी त्याला द्यायची. त्या काळचे मोठे शिक्षक सांगायचे, तुझ्या पेटीतला दुसरा सदरा तुझा नाहीच, ज्याच्या अंगावर सदरा नाही त्याचा आहे. तू तो देतोस म्हणजे उपकार करत नाहीस, परत करतोस. हे ऐकून आम्ही पोरं आपापल्या अंगाकडे बघायचो. एकच सदरा असायचा, त्यामुळं काळजी नव्हती.

बायकोनं मात्र ते मनावर घेतलं होतं. मी घेतलं नव्हतं. माझं आवडतं वचन दुसरंच. ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये, असं पौलानं लिहिलंय. दारात कुणी आलं की मी ते म्हणून दाखवायचो. बायको म्हणायची, "पौल एकटा व्हता. त्याला बायको न्हवती, म्हनून असं लिवलं."

दुष्काळाच्या वर्षी आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. तरुण, चष्मा लावणारे, नगरला शिकलेले. उपासनेनंतर ते लिंबाखाली सगळ्यांना घेऊन बसायचे आणि शास्त्र उलगडून सांगायचे. त्यांचं म्हणणं नवं होतं. आता नुसतं वाटून भागत नाही, म्हणायचे. दूध पावडर वाटली, ती संपली, माणूस होता तिथंच राहिला. त्याला काम द्या, विहीर द्या, त्याचा हक्क त्याला मिळवून द्या, हाच आजच्या काळातला दानधर्म. मला ते पटलं. मी तिसगावच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो, दुपारी तेवढा जेवायला घरी यायचो. घाम गाळून खात होतो, मला कुणाचं फुकटचं नको होतं.

एका रविवारी त्यांनी प्रीतीचा अध्याय घेतला. सगळी मालमत्ता वाटून टाकली आणि प्रीती नसली तर काही उपयोग नाही, असं त्यात आहे. साहेब म्हणाले, जुन्या इंग्रजी शास्त्रात या प्रीतीच्या जागी जो शब्द आहे, त्याचा अर्थ आज दानधर्म असा होतो.

मी विचारलं, "म्हंजी दान केलं पन दान न्हाई केलं, असं वाचायचं? गोरे साहेब येवढी वर्सं चुकीचं वाचत हुते का?"

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. "चुकीचं नाही, बाबा. त्या काळी दोन्हीला एकच शब्द होता. पुढं त्याचा अर्थ आटला. प्रीती निघून गेली, नुसतं देणं राहिलं. म्हणून नव्यांनी दोन शब्द वेगळे केले."

बायकांच्या बाजूनं माझी बायको बोलली. "मंग एक हुता तेच बरं हुतं की, साहेब. दोन झाले तवाच घोटाळा झाला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "मावशी, हे मी लिहून ठेवतो," म्हणाले.

"लिवा. आन अजून एक इच्यारते. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभू म्हनतो. व्हय ना?"

"हो."

"मंग घरात एक मानूस उजवा आन एक डावा असला, तर डाव्या मानसाला पन सांगायचं न्हाई का?"

साऱ्या बायका पदर तोंडाला लावून फिसफिसल्या. मला वाटलं, माझ्या डावरेपणावर हसतात. लहानपणापासून ते सोसलंय मी. पण त्या वर्षी ते जरा जास्तच झालं होतं. टँकरवर पाणी भरताना, रेशनच्या रांगेत, मी जवळ आलो की बायका बोलणं थांबवायच्या. कुणीतरी म्हणायचं, "डाव्याला कळू देऊ नगा," आणि पुन्हा फिसफिस. एकदा घरी येऊन मी हंडाच आपटला. "समद्या आळीत माझी थट्टा चाललीय आन तू बी त्यात!" बायको म्हणाली, "थट्टा न्हाई ओ. शास्त्र चाललंय." मला आणखी राग आला.

रविवारी, म्हणजे मिलो निवडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती देवळात आली नाही. भिंतीला टेकून बसली. छातीत दुखतंय म्हणाली. सोमवारी तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि मला म्हणाली, "अंगात रक्तच नाही यांच्या. खायला घालत नव्हता का बाबा?"

नर्सबाई काही वाईट नव्हती. दिवसातून शंभर जणांना तेच विचारत असेल. पण ते वाक्य माझ्यात रुतलं. मंगळवारी दिवस उजाडताना बायको गेली. शेवटचं बोलणं काही मोठं नाही. पाणी मागितलं, मी पाजलं, म्हणाली, "डाव्या हातानं सांडतंय." बस.

त्याच दिवशी तिला मूठमाती दिली. उन्हाळ्यानं जमीन इतकी टणक झाली होती की कुदळ उडायची. आळीतली माणसं थकली तेव्हा मी खाली उतरलो आणि पहार घेतली. लोक म्हणाले, बाबा, तुमी नका. मी म्हणालो, दगडाचं काम माझं आहे.

घरी आलो तर चूल थंड. फळीखाली मुठीचं गाडगं. झाकण काढलं तर ते पाऊण भरलेलं. मी तिथंच खाली बसलो. आता बघा, माझं गणित सरळ होतं. रेशन दोघांना पुरत नव्हतं. तरी माझ्या ताटात रोज भाकरी होती. तिच्या ताटात मी कित्येक महिने काही बघितलं नव्हतं. रोज दुपारी एकच, मी मागून खाते. आणि इकडे गाडगं भरत होतं. मास्तरांच्या त्या गोष्टीतली माणसं जशी उपास करून वाचवायची, तसंच तिनं केलं. मी समोर बसून खात होतो, आणि ती उपाशी होती. नर्सबाईनं विचारलं ते बरोबर विचारलं.

त्यानंतर मला घास गिळवेना. हट्ट म्हणा, काही म्हणा. आळीतल्या बायका आळीपाळीनं ताट आणायच्या. मी म्हणायचो, ठेवा, खातो. त्या गेल्या की कुत्र्याला घालायचो. कुत्रंही त्या साली हाडांचंच होतं, त्याला बरं झालं. बुधवार गेला. गुरुवारी पाळकसाहेब आले.

"बाबा, जेवत नाही म्हणे."

"भूक न्हाई."

"देणं ही जशी प्रीती, तसं घेणं ही पण प्रीतीच आहे. लोक प्रेमानं आणतात, ते घ्यावं."

"साहेब, तुमी शिकलेले हाय. मला एक सांगा. एकानं उपास करून दिलं आन दुसऱ्यानं समोर बसून खाल्लं, तर त्या दुसऱ्याला शास्त्रात काय म्हनत्यात?"

साहेब चांगला माणूस, खोटं बोलला नाही. बराच वेळ माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसून राहिला. जाताना म्हणाला, "मला माहीत नाही, बाबा. पण ती खरंच उपाशी होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाडग्यानं," मी म्हणालो.

शुक्रवार म्हणजे मूठमातीनंतरचा तिसरा दिवस. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. नात्यातलं कुणी तरी भाकरी करून आणतं आणि दुःखातल्या माणसाला समोर बसून भरवतं. त्याला कडू घास म्हणतात. आम्ही ख्रिस्ती झालो तरी ही रीत सोडली नाही. पण मला नात्यातलं जवळचं कुणी उरलं नव्हतं, आणि आम्हाला मूलबाळ नाही. मी दार लोटून बसलो होतो.

दुपारी बाहेर आळीत एकदम गप्पगार झालं. मग दार वाजलं.

"दाजी, हायेत का घरात?"

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. बायकोला बहीण नव्हती. मी दार उघडलं. समोर मळ्यातली बाई उभी.

ही बाई कोण ते सांगायला पाहिजे. गावच्या पूर्वेला ओढ्याकाठी मोठा मळा आहे, त्याची ही मालकीण. विधवा. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीचं बांधकाम मी केलं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एक-एक दगड बसवला. काम पुरं झालं त्या दिवशी तिच्या सासऱ्यानं सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. आम्हाला मात्र वरून ओंजळीत ओतलं, तांब्या लागू नये म्हणून. ज्या पाण्यात मी महिनाभर उभा होतो, तेच पाणी. मी ओंजळ सोडून दिली. घरी येऊन बायकोला सांगितलं, त्या घरचं पाणी नाही, की अन्न नाही, जन्मात नाही. ही बाई तेव्हा नवी सून होती, उंबऱ्याआडून बघत होती.

आता ती माझ्या उंबऱ्यात होती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. आळीतल्या साऱ्या बायका दारादारात येऊन उभ्या.

"कडू घास आनलाय," ती म्हणाली. "भनीच्या घरी मीच आनायला पायजे."

"तुमची कोन भन?"

"तुमची बायको."

माझ्या तोंडाला येईल ते मी बोललो. "बाई, तुमच्या घरी वरून पानी ओतत्यात, आमी इसरलो न्हाई. आन आज भन व्हय? जावा."

ती गेली नाही. उंबरा ओलांडून आत आली आणि जमिनीवर बसली. आमच्या घरात, जमिनीवर, पाटही मागितला नाही. म्हणाली, "शिव्या द्या. मी ऐकते. पन घास खाल्ल्याबिगर मी उठनार न्हाई."

शेजारीण दारातून बोलली, "बाबा, ऐका तिचं. आमाला समद्यांला ठावं हाय. तुमालाच तेवढं न्हाई."

"काय न्हाई ठावं?"

शेजारणीला हसूही आलं आणि रडूही. "आक्कानं बजावलं हुतं. डाव्याला कळू देऊ नगा म्हनून."

मग मळ्यातल्या बाईनं सांगितलं. तिचा मुलगा दिवाळीच्या सुमाराला घर सोडून गेला होता. कुठं गेला ते गावाला सांगितलं नव्हतं. तो कोल्हारकडे ऊसतोडीला होता. चाळीस एकरांचा मालक दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडतो, हे तिला सांगवेना. घरात सून बाळंत झाली, तिचं सुईणपण माझ्या बायकोनं केलं. चौथ्या दिवशी तिनं बघितलं की चुलीवर नुसतं पाणी उकळतंय. बाई खडी फोडायला येईना, रेशनच्या रांगेत उभी राहीना. घराण्याचं नाव आड येत होतं. दुसऱ्या दिवसापासून बायको पदराखाली मुठीचं धान्य घेऊन जायला लागली.

"दानं घेतलं मी," बाई म्हणाली. "कोरडा शिधा हाय, घ्यायला काय हरकत, असं मनात म्हनले. तर तुमच्या बायकोनं अट घातली. म्हनली, नुसतं दानं घ्याल तर मी तुमाला भिकारीन केली, आन ते पाप माझ्या डोक्यावर. तुमच्या चुलीवर भाकर टाकू आन तिगी मिळून खाऊ. मंग मी जेवायला आले असं हुतं, कुनी कुनाला दिलं असं हुत न्हाई."

"आन तुमी बसला तिच्या पंक्तीला?"

"पैल्या दिशी न्हाई बसले. तिनं दानं उचललं आन निघाली. दुसऱ्या दिशी बसले. भूक लागली हुती."

असं तिनं सरळ सांगून टाकलं. मला ते आवडलं, पण तेव्हा मी ते दाखवलं नाही.

मी विचारलं. चार दिवस जे आत होतं तेच विचारलं. "बाई, खरं सांगा. ती जेवायची का? का तुमाला घालायची आन बघत बसायची?"

"जेवायची. रोज."

"माझ्या समाधानाला सांगताय."

"समाधान करायला मला कुठं येतं? आईका. भाकर हातात घेतली की आदी पापुद्रा सोलायची. त्यावर चटनी पसरून गुंडाळी करायची आन ती पैली खायची. चटनीत मीठ कमी म्हनून रोज भांडायची. माझी सून म्हनायची, मावशी, पापुद्रा मला पन द्या. मंग दोघींची वढावढ. पोटभर न्हवतं, दाजी. ह्या साली पोटभर कोन हाय? पन उपाशी न्हवती. एक दिवस बी उपाशी उठली न्हाई माझ्या घरून."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. चाळीस वर्षं मी तिला तो पापुद्रा सोलताना बघितला होता. गेले कित्येक महिने बघितला नव्हता, कारण माझ्या घरी ती माझ्यापुढं जेवतच नव्हती. पापुद्र्याची ती गुंडाळी बाहेरच्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तिच्या ताटाला ताट लावून बसलेल्यालाच ते माहीत.

मग ते गाडगं? मी विचारलं. भरलेलं कसं?

"त्यात समद्या आळीची मूठ हाय," शेजारीण म्हणाली. "देवळात न्यायची तर कुनाला दिलं ते पाळकसाब नावानिशी वाचून दाखवत्यात. मळ्यातल्या बाईचं नाव वाचलं असतं तर तिनं जीव दिला असता. म्हनून आमी आक्काच्या गाडग्यात टाकायचो. तुमी खडी फोडाया गेला की."

म्हणजे मी ज्याला तिची भूक समजलो होतो ते सगळ्या आळीचं धान्य होतं. बायका इतके महिने माझ्या डावरेपणाला हसत नव्हत्या. माझ्या घरातून माझ्याच नाकाखाली एक पंगत चालवत होत्या. मीच तेवढा रागावून हंडे आपटत होतो. आणि बायकोनं तर मला भर सभेत शास्त्राच्या आधारानं विचारलंही होतं, डाव्या माणसाला सांगायचं का नाही म्हणून. मी तिथंच बसलो होतो.

बाईनं फडकं सोडलं. मिलोची भाकरी, लालसर, कडेला थोडी करपलेली. वर चटणी. तिनं एक घास मोडला आणि माझ्यासमोर धरला. मी हात पुढं केला तो डावा. चार दिवसांच्या उपाशी माणसाला हाताचं भान राहत नाही.

"दाजी, डाव्या हातानं?"

"राहू द्या," मी म्हणालो. "त्याला बी कळू द्या आता."

दारातल्या बायका हसल्या. मळ्यातली बाईही हसली. मी घास खाल्ला. चटणीत मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, ती बी तेच म्हनायची," आणि तेव्हा आम्ही दोघंही रडलो. मग मी एक भाकरी तिच्यापुढं सरकवली. म्हणालो, बायकोची अट आहे, एकट्यानं खायचं नाही. ती माझ्या जमिनीवर बसून जेवली. तांब्या एकच होता. आधी ती प्याली, मग मी प्यालो.

पाळकसाहेब संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मळ्यातल्या बाईची परवानगी घेतली होती. ती म्हणाली होती, सांगा, आता कशाची लाज. साहेब म्हणाले, "जुने म्हणायचे, उपास करून द्या. आम्ही नवे म्हणतो, काम द्या, हक्क द्या. मावशी म्हणायच्या, सोबत बसून खा."

मी म्हणालो, "तिन्ही लागतंय, साहेब. काम द्या म्हनता ते खोटं न्हाई. पन बाळंतीन काय खडी फोडनार हाय?"

"नाही."

"मंग झालं. आन त्या नावं वाचन्याचं बंद करा."

साहेबांनी मान हलवली. पुढच्या रविवारपासून त्यांनी नावं वाचली नाहीत. देवळात मुठीच्या टोपलीवर कापड टाकून ठेवायला लागले, ज्याला टाकायचं त्यानं खालून टाकावं, ज्याला लागेल त्यानं खालूनच घ्यावं. बायकोचं बोलणं त्यांनी वहीत लिहिलं होतं, ते मला दाखवलं. मी अक्षर-अक्षर लावून वाचलं. एक शब्द होता तेच बरं होतं. मला ते खरं वाटतं. पण मी तिसरी शिकलेला माणूस आहे, माझ्या वाटण्याला किती धरायचं ते वाचणाऱ्यानं बघावं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी उठलो. चूल पेटवली. पीठ मळायच्या आधी शिल्लक मिलोतली एक मूठ घेऊन गाडग्यात टाकली. नंतर आठवलं, म्हणून आणखी एक टाकली. भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती परातीलाच चिकटून बसली. तशीच खरवडून तव्यावर टाकली आणि खाल्ली. मग गाडगं कडेवर घेतलं आणि रस्त्यानं निघालो. पदर नाही, लपवायचं कशाखाली? आळीतल्या बायका बघत होत्या.

मळ्यात पोचलो तेव्हा बाई अंगण झाडत होती. आत लेकरू रडत होतं. चांगलं दणकट रडत होतं. गाडगं उंबऱ्याजवळ ठेवलं आणि विहिरीकडे गेलो. बावीस वर्षांनी पहिल्यांदा त्या विहिरीत वाकून बघितलं. तळाला भेगा पडल्या होत्या. माझं बांधकाम उभं होतं, पण पश्चिमेच्या अंगाला खालून तिसऱ्या थरातले चार दगड सुटले होते. पाण्याच्या ओढीनं आधी सुटले असणार, कोरड्या विहिरीत ते उघडे दिसत होते.

"बाई," मी ओरडलो, "हे दगड आत्ताच बसवाया लागतील. हिरीत पानी आलं की हात पोचायचा न्हाई."

"मजुरी काय द्यायची, दाजी? घरात तर..."

"दुपारची भाकर. चटनीत मीठ जरा जास्त घाला."

मी घरी परत गेलो आणि हातोडा-छिन्नी घेऊन आलो. दोराला धरून खाली उतरलो. पहिला दगड उपसून काढला, पाठीमागची माती साफ केली आणि त्याचा कोपरा घडवायला बसलो.